‘सांगून काय होतंय?’ म्हणणाऱ्यांना

आमच्या सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल आणि ठरलेले तीन विषय: लिफ्ट, टँकर, गाड्या लावायची जागा. मागच्या बैठकीत चौथा विषय मी मांडला. नाल्याकडच्या मोकळ्या प्लॉटवर पुन्हा रोज संध्याकाळी कचरा जळायला लागलाय आणि बी विंगच्या नळाला सकाळी पहिली दहा मिनिटं वास येतोय, तेव्हा प्रभागाच्या चारही नगरसेवकांना लेखी पत्र देऊ, असं मी म्हटलं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत एक काका म्हणाले, “अहो ताई, सांगून काय होतंय?” पंचवीस-तीस माणसांनी माना डोलावल्या. विषय संपला आणि पुढचा अर्धा तास टँकरच्या दरावर गेला.

काका भले गृहस्थ आहेत, अडीअडचणीला धावून येणारे. माझा राग त्यांच्यावर नाही, त्या डोलणाऱ्या मानांवर आहे. हे एक वाक्य पुण्यात चहाच्या टपरीपासून बंगल्याच्या व्हरांड्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि ते बोलणाऱ्याला आपण फार अनुभवाचं बोललो असं वाटतं. मला ते वाक्य घातक वाटतं. पाण्यातल्या जंतूइतकंच घातक, कारण त्या जंतूला वाढायला मोकळीक तेच देतं.

म्हणणं साधारण असं असतं. नगरसेवक, आमदार, खासदार ही मतं मागायला दारात येणारी माणसं. निवडून आली की गाडीच्या काचा वर. त्यांना रस फ्लेक्समध्ये, बाकांमध्ये, पेव्हर ब्लॉकमध्ये. नळाच्या पाण्यात नाही, हवेतल्या धुळीत नाही, नाल्याच्या वासात तर नाहीच. त्यातून नगरसेवकाला अधिकार ते काय? सगळं आयुक्तांच्या सहीनं चालतं. आपण मिळकतकर भरतो, मग कुणापुढे हात का जोडायचे? तक्रारीला अ‍ॅप आहे, त्यावर फोटो टाकावा. फारच झालं तर हरित लवाद आहे. तोपर्यंत घरात प्युरिफायर बसवावा, संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्यात आणि राजकारण्यांच्या नादी लागू नये.

यातलं एकही वाक्य मी मान्य करत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, लोकप्रतिनिधी असला काय आणि नसला काय सारखंच, हे खरं की खोटं ते पुण्यानं स्वतःच्या अंगावर अनुभवलंय. पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं एवढ्या मोठ्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते, म्हणजे प्रस्ताव ठेवणारंही प्रशासन आणि तो मंजूर करणारंही प्रशासन. ज्यांना नगरसेवक हा अडथळा वाटतो त्यांच्या मनासारखा कारभार याहून वेगळा काय असणार होता? मग या चार वर्षांत नाले स्वच्छ वाहायला लागले का? नद्यांचा फेस गेला का? कचरा जळायचा थांबला का?

सिंहगड रस्त्याच्या कडेच्या गावांचं तर याहून वाईट झालं. ३० जून २०२१ च्या अधिसूचनेनं २३ गावं महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यातलीच. गावं आली तशा ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. सरपंच गेला, सदस्य गेले, ग्रामसभा गेली. त्यांच्या जागी नगरसेवक यायला हवा होता, पण आठ-नऊ महिन्यांत महापालिकेचीच मुदत संपली. त्यामुळे २०२१ च्या पावसाळ्यापासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत या गावांतल्या माणसाला, ‘पाणी गढूळ येतंय हो’ असं सांगायला गावाच्या पातळीवर निवडून दिलेलं एकही माणूस नव्हतं.

आणि याच काळात, जानेवारी २०२५ मध्ये, याच पट्ट्यात गुलेन-बारे सिंड्रोमची, जीबीएसची, साथ आली. आधी जुलाब-उलट्या. मग काही दिवसांनी पायातली ताकद जायची, जिना चढवेना, मग हात, मग काहींना श्वाससुद्धा आपला आपण घेता येईना. पोटातल्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराची यंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा आजार. पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, माणसं दगावली, आणि सर्वांत जास्त रुग्ण समाविष्ट गावांतले होते. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. तेव्हा सगळ्या शहराला कळलं की या गावांना जाणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून जातच नव्हतं. विहिरीतून उपसायचं, क्लोरीन टाकायचं आणि सोडायचं. वडगावचं जलशुद्धीकरण केंद्र याच सिंहगड रस्त्यावर आहे आणि विषाणूंवर संशोधन करणारी देशातली मोठी संस्था याच शहरात, पाषाणला आहे. शहरात ज्ञान होतं, यंत्रं होती, पैसा होता. या गावांच्या वतीनं सभागृहात उभं राहून, ‘या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन किती आहे ते तारखेनिशी सांगा’ असं विचारणारा माणूस मात्र नव्हता.

नगरसेवक असता तर साथ आलीच नसती, असं मी म्हणणार नाही. पण क्लोरीन आहे की नाही हे पाहायला काय लागतं? काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. ओटी टेस्ट म्हणतात तिला. गावोगावी आरोग्य कर्मचारी ती वर्षानुवर्षं करत आलेत. नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, हा साधा दंडक आहे. ज्याला पुढच्या निवडणुकीत त्याच घरांच्या पायऱ्या चढायच्या आहेत, असा माणूस त्या नळीकडे बघतो आणि ज्याला चढायच्या नाहीत तोही बघतो, पण दोघांच्या बघण्यात फरक असतो. एवढाच माझा दावा आहे आणि तो मला पुरेसा वाटतो.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण हा फरक मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मोजलाय.

सासूबाईंना दमा आहे. २०१९ च्या हिवाळ्यात त्या प्लॉटवर पहिल्यांदा रोज कचरा जळायला लागला. सासूबाईंची एक सवय आहे: कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहायचा. त्या हिशेबाखाली त्यांनी पेन्सिलीनं एक अक्षर लिहायला सुरुवात केली, ‘धू’. धुराचा धू. शेजारी वेळ. नोव्हेंबरच्या पानावर अकरा ‘धू’ झाले, डिसेंबरच्या पानावर चौदा. मी त्या दोन पानांच्या झेरॉक्स काढल्या, दुधाच्या हिशेबासकट, आणि त्या वेळच्या आमच्या नगरसेविकेकडे गेले. बाईंनी पानं समोर धरली आणि बोट ठेवत ठेवत सगळे ‘धू’ मोजले. मग म्हणाल्या, “हे सगळे साडेसात ते नऊच्या मधले आहेत. म्हणजे दुकानं बंद व्हायच्या वेळचे.” माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी इतके दिवस प्लॉटच्या मालकाला दोष देत होते. खरा प्रकार असा होता की घंटागाडी सकाळी यायची, दुकानांचा कचरा रात्री निघायचा, आणि तो ठेवायला जागा नाही म्हणून प्लॉटवर टाकून पेटवला जायचा. बाईंनी तिथल्या तिथे आरोग्य निरीक्षकांना फोन लावला. त्या दुकानांच्या ओळीसाठी संध्याकाळची एक फेरी सुरू झाली, प्लॉटच्या मालकाला नोटीस गेली, कडेनं तारेचं कुंपण आलं. पाच आठवडे लागले. जानेवारीच्या पानावर तीन ‘धू’ आहेत. फेब्रुवारीच्या पानावर नुसतं दूध आहे.

२०२३ मध्ये ती संध्याकाळची फेरी बंद पडली आणि कुंपणाची तार कुणीतरी तोडून नेली. सासूबाईंची पेन्सिल पुन्हा निघाली. मी पुन्हा झेरॉक्स काढल्या, पण या वेळी घेऊन जायला कुणी नव्हतं. कार्यालयात गेले. साहेब साइटवर. पुन्हा गेले. साहेबांची बदली. तिसऱ्यांदा अर्ज आवकला दिला, पोच घेतली. काकांचं लाडकं अ‍ॅपही वापरलं. फोटो टाकला, तक्रारीचा नंबर आला, चार दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा निरोप आला. सोबत एका स्वच्छ भिंतीचा फोटो होता, आणि ती भिंत आमच्या प्लॉटची नव्हतीच. पुन्हा तक्रार केली तर नवा नंबर. त्या नंबराला माझ्या सासूबाईंची छाती दिसत नाही आणि अकरा-चौदा-तीन हा हिशेबही दिसत नाही. अ‍ॅप फुटलेल्या झाकणाला ठीक आहे, बंद दिव्याला ठीक आहे. पण घंटागाडीची वेळ आणि दुकानांची वेळ यांचा मेळ बसत नाही, हे अ‍ॅपवर कुठल्या रकान्यात लिहायचं?

घर तेच होतं, भिंत तीच, पेन्सिलही तीच. काका, आता तुम्ही सांगा, सांगून काय होतंय?

अधिकार नसण्याच्या मुद्द्याकडे येते. महापालिकेचा रोजचा कारभार आयुक्त चालवतात, हे खरं आहे. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, सांडपाण्याची विल्हेवाट, कचरा उचलणं ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं म्हणून लिहिलेली आहेत, आणि त्यात कुठे हयगय होत असेल तर ती दाखवून द्यायचा, प्रशासनाला प्रश्न विचारायचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. अंदाजपत्रक मुख्य सभा मंजूर करते. कुठल्या रस्त्याखाली ड्रेनेज लाइन बदलायची आणि कुठल्या चौकात कमान उभारायची याचे पैसे तिथे ठरतात. आमदाराकडे तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, औचित्याचा मुद्दा आहे. मंत्र्यानं सभागृहात आश्वासन दिलं तर त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. खासदाराकडे शून्य प्रहर आहे, नियम ३७७ आहे. ही सगळी हत्यारं तुमच्या-माझ्यासाठी घडवलेली आहेत. ती गंजली असतील तर ती हातात घेऊन कुणी काम सांगितलंच नाही, हेही त्याचं एक कारण आहे. आपण नगरसेवकाकडे जातो ते कशासाठी? दाखल्यासाठी, शाळेतल्या प्रवेशासाठी, गणपतीच्या वर्गणीसाठी, दारासमोरच्या बाकासाठी. बाक मागितला की बाक मिळतो. मग तेच लोक म्हणतात, यांना बाकांतच रस!

आणि हात जोडण्याबद्दल. या शहराला तरी हे कुणी शिकवू नये. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकानं वाढतायत आणि त्यानं माणसं नासतायत, म्हणून त्यांनी १८८० साली नगरपालिकेला पत्र लिहिलं. ते सरकारनियुक्त सभासद होते, सरकारची मर्जी सांभाळून गप्प बसू शकले असते. तरी त्यांनी लिहिलं. त्या पत्रात त्यांनी हात जोडले असं कुणी म्हणेल का? नगरपालिकेला तिच्या कामाची आठवण करून देणं म्हणजे याचना नव्हे, हे एकशेचाळीस वर्षांपूर्वी या शहरातल्या माणसाला कळत होतं. आपण करही भरतो आणि मतही देतो. करानं सेवेचा हक्क मिळतो. मतानं जाब विचारायचा हक्क मिळतो, आणि हा दुसरा हक्क वापरला नाही तर पहिल्याची किंमत किती उरते ते नांदेड-किरकटवाडीच्या लोकांना विचारावं. करपावत्या त्यांच्याकडेही होत्या.

पत्रं लिहिली, काही झालं नाही, असं म्हणणारेही भेटतात. त्यांची पत्रं मी वाचली आहेत. सोसायट्यांच्या फायली मला लोक विश्वासानं दाखवतात. बहुतेक पत्रांचा शेवट एकच: ‘तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती.’ योग्य ती म्हणजे कोणती? हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, मग वाचणाऱ्याला कसं कळावं? तो पत्रावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारतो आणि पुढे पाठवतो. पुढचाही तसाच शेरा मारतो. कागद पाच टेबलं फिरतो आणि पाचही टेबलांवर कुणी खोटं वागलेलं नसतं. त्याऐवजी असं लिहावं: अमुक इमारतीसमोरचं चेंबर अमुक अमुक तारखांना तुंबलं, त्याला लागून पिण्याच्या पाण्याची लाइन आहे, त्या आठवड्यात या इमारतीत सात जणांना जुलाब झाले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत, दोन्ही लाइन उघडून तपासाव्यात, पाण्याचा नमुना आमच्यासमोर घ्यावा, अहवालाची प्रत पंधरा दिवसांत द्यावी, नाही झालं तर हा प्रश्न आपण पुढच्या मुख्य सभेत लेखी विचारावा. एक पान. प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना, प्रत पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना. आवकचा शिक्का. पंधराव्या दिवशी दुसरं पत्र, त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक. असं पत्र घेतलेल्या नगरसेवकाला ‘माझ्या कानावर आलंच नाही’ म्हणता येत नाही. किती सोसायट्यांनी असं पत्र दिलं आणि मग हात टेकले? मला त्यांची नावं कळवा, मी माझं म्हणणं मागे घेईन.

कागद मिळत नाही, असंही सांगू नका. माहिती अधिकाराचा अर्ज तर आहेच, पण सोमवारी दुपारी तीन ते पाच महापालिकेच्या कार्यालयात जाऊन फायली पाहायची सोय याच शहरातल्या नागरिकांनी मागून घेतली. नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घ्यायची पद्धतही पुण्यात २००६ पासून आहे. या दोन्ही गोष्टी कुणी आपणहून दिल्या नाहीत. कुणीतरी जाऊन सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

राहिला हरित लवाद. बाणेरच्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाचं उदाहरण घ्या. वासानं हैराण झालेले रहिवासी लवादात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये लवादानं प्रकल्प बंद करायला सांगितला. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं लवादाचा तो आदेश रद्द केला, प्रकल्पाची पर्यावरणीय तपासणी करायला सांगितली आणि झाडं लावायला सांगितली. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद मी इथे काढत नाही. ओला कचरा कुठेतरी जिरवावाच लागतो. पण शहरातला कचरा कुठल्या प्रभागात, किती, कुणाच्या नाकाशी जिरवायचा हा निर्णय न्यायाधीशांचा नाहीच. तो सभागृहात व्हायला हवा, विकास आराखड्यात जागा राखून ठेवतानाच व्हायला हवा. तेव्हा आपण कुणाला काही सांगितलं नाही, आणि वीस वर्षांनी वकील शोधत बसलो.

रस्त्यावर उतरल्याशिवाय कुणी ऐकत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी फुरसुंगी-उरुळीची आठवण करून देईन. शहराचा कचरा त्या गावांनी वर्षानुवर्षं झेलला, विहिरी नासल्या, गावाला टँकरचं पाणी प्यावं लागलं. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवडे शहरात कचऱ्याचे ढीग साचले. त्या लोकांनी जे सोसलं त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण ते आंदोलन थांबलं कुठे? मुख्यमंत्र्यांच्या समोर, त्यांनी दिलेल्या शब्दावर. रस्ता अडवणाऱ्यालाही शेवटी निवडून आलेल्या माणसाशीच बोलावं लागतं. मग ते बोलणं विहीर नासायच्या आधी का करू नये?

आणि टेकड्या? त्याआधी १९९७ साली वेगळी २३ गावं शहरात आली आणि त्यांच्याबरोबर टेकड्या आल्या. त्यांवर बांधकाम होऊ नये, जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडावं, यासाठी माजी महापौर वंदना चव्हाण आणि त्यांच्याबरोबर शेकडो पुणेकर वर्षानुवर्षं भांडले. सभागृहात ठराव, मंत्रालयात खेटे, सूचना-हरकती, पत्रांवर पत्रं. आराखडा अडकला, आरक्षण लांबलं, सरकारं बदलली. २०१५ मध्ये ९७८ हेक्टरांच्या आरक्षणाला राज्य सरकारची मान्यता मिळाली. अठरा वर्षं! त्या अठरा वर्षांत कितीदा कुणीतरी म्हणालं असेल, सांगून काय होतंय? आज पहाटे टेकडीवर फिरायला जाणारी आणि परत आल्यावर नाश्त्याच्या टेबलावर हेच वाक्य बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्या हवेत उभं राहून ते बोलतात ती हवा कुणीतरी सांगत राहिल्यामुळे उरलेली आहे.

प्युरिफायरवाल्यांना एकच विचारते. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुठलं पाणी पितात? तुमच्या गल्लीतल्या मेसमध्ये जेवणारी पोरं? शाळेतल्या टाकीचं पाणी पिणारं तुमचंच नातवंड? जीबीएसच्या साथीत सिंहगड रस्त्याच्या भागातली पाण्याचे जार भरणारी खासगी आरओ केंद्रंही तपासावी लागली, काही बंद करावी लागली. पैसे देऊन घेतलेलं पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा भरवसाही तिथे संपला. आणि हवेला तर जारच नाही. खिडकी लावून घेतली म्हणून सासूबाईंचा दमा थांबला नाही. लावलेल्या खिडकीच्या आत त्या ‘धू’ लिहीत होत्या.

आता १६५ नगरसेवक सभागृहात आहेत. समाविष्ट गावांतल्या माणसालाही साडेचार वर्षांनी कुणाकडे तरी जाता येतंय. बहुतेक प्रभागांत चार जण निवडून आलेत, तेव्हा कुणाकडे जायचं हे कळत नाही, असं आमच्या बैठकीत कुणीतरी म्हणालंच. चौघांकडे जायचं. पत्र एक, प्रती चार, प्रत्येक प्रतीवर बाकीच्या तिघांची नावं, म्हणजे कुणालाही दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

माझं पत्र तयार आहे. त्यात तीन मागण्या आहेत. दुकानांच्या ओळीसाठी संध्याकाळची घंटागाडी पुन्हा सुरू करा आणि तिची वेळ लेखी कळवा. बी विंगच्या नळाचं पाणी सकाळी पहिल्या दहा मिनिटांत, आमच्यासमोर तपासा. क्लोरीन किती निघाला तो आकडा आम्हाला द्या, आणि वास येतो तिथपर्यंतची लाइन ड्रेनेजपासून किती अंतरावर आहे ते खणून दाखवा. आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत पुणे २०१९ पासून आहे, हवा सुधारायला शहराकडे पैसे येतात, तर त्यातलं आपल्या प्रभागात काय झालं हा प्रश्न मुख्य सभेत लेखी विचारा. सोबत कॅलेंडरची तीन पानं जोडली आहेत. ताज्या पानावर आजपर्यंत नऊ ‘धू’ आहेत.

काका, रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये टेबल टाकतेय. सह्यांचा कागद आणि दोन पेनं ठेवते. तुमची सही पहिली हवी आहे, कारण बी विंगमध्ये तुमचंच घर सगळ्यात खाली आहे आणि तो वास सगळ्यात आधी तुमच्याच नळाला येतो. सोमवारी सकाळी मी चारही प्रतींवर शिक्के घेऊन येईन, आणि दुसऱ्या पत्राची तारीख त्याच दिवशी सासूबाईंच्या कॅलेंडरवर लिहीन.